पहिली नोकरी आणि त्यानंतरची तीस वर्षं

प्रवेशाच्या दिवसांत टेबलापलीकडे बसलेल्या पालकांचा प्रश्न ठरलेला असतो. "सर, लगेच नोकरी लागेल असा कोर्स कोणता?" शेजारी मुलगा किंवा मुलगी गप्प असते. हातात माहितीपुस्तिका, आणि बोट एखाद्या नव्या, आकर्षक नावावर टेकलेलं. तांत्रिक महाविद्यालयाच्या विद्युत विभागात शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. हा प्रश्न मला कधी हलका वाटला नाही. घरातल्या पहिल्या शिकलेल्या पोराचा पगार सुरू होणं म्हणजे काय, हे ज्याने जवळून पाहिलंय त्याला तो तसा वाटणारही नाही. माझी तक्रार पालकांबद्दल नाही. त्यांच्या प्रश्नाला महाविद्यालयांनी जे उत्तर शोधून काढलंय, त्याबद्दल आहे.

ते उत्तर असं, की बाजारात आज ज्याचा बोलबाला आहे त्याच नावाचा कोर्स काढायचा. एखादं सॉफ्टवेअर, एखादी यंत्रप्रणाली, एखादं तंत्र चर्चेत आलं की थोड्याच काळात त्या नावाची पाटी विभागाच्या दारावर लागते, आणि त्या शिक्षणाला ‘करिअर-केंद्रित’ म्हटलं जातं. मला हे नाव चुकीचं वाटतं. असे कोर्स पहिल्या नोकरीपुरते असतात. करिअर तीस-पस्तीस वर्षांचं असतं, आणि कोर्स एखाद्या उपकरणाला जितका घट्ट बांधलेला, तितका तो लवकर शिळा होतो. पुन्हा शिकायला परत येणं ज्याला परवडणार नाही, नेमक्या त्याच विद्यार्थ्याच्या पदरात आपण सर्वांत लवकर शिळं होणारं शिक्षण टाकतो. हा अन्याय आहे, आणि तो चांगल्या हेतूने होतोय म्हणून कमी होत नाही.

फ्लॅशचं उदाहरण घ्या. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेल्या या सॉफ्टवेअरने वेबवरच्या हलत्या चित्रांचं जग काही वर्षं व्यापून टाकलं होतं. ‘फ्लॅश ॲनिमेशन’ शिकवणारे वर्ग निघाले, प्रमाणपत्रं निघाली, अनेकांना कामंही मिळाली. २००७ साली आलेल्या आयफोनमध्ये फ्लॅश चालत नव्हतं. २०१७ मध्ये ॲडोबी कंपनीने ते बंद करण्याची घोषणा केली आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी त्याचा आधार कायमचा काढून घेतला. ज्यांना हालचाल कशी दिसते, वजन कसं दाखवायचं, दोन चित्रांमधला वेग कुठे वाढवायचा आणि कुठे कमी करायचा हे कळत होतं, ते दुसऱ्या साधनावर गेले. ज्यांना फक्त मेनूमधल्या आज्ञांचा क्रम पाठ होता, त्यांच्या प्रमाणपत्रावरचं नावच नाहीसं झालं. दोघांनी शिकायला सारखाच वेळ दिला होता.

आणखी जुनं उदाहरण आरेखनाचं आहे. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर, शाईचं पेन आणि ट्रेसिंग पेपर यांवर पिढ्यान् पिढ्या माणसांनी पोट भरलं. १९८२च्या डिसेंबरमध्ये ऑटोकॅड हे संगणकावर आरेखन करायचं सॉफ्टवेअर बाजारात आलं आणि पुढच्या काही वर्षांत ते बोर्ड हळूहळू भिंतीला टेकून उभे राहिले. ज्यांची सगळी विद्या स्वच्छ रेघ मारण्यात आणि मूळ नकाशा हुबेहूब गिरवण्यात होती, त्यांचं काम यंत्राने घेतलं. पण समोरून, वरून आणि बाजूने दिसणारी तीन सपाट चित्रं पाहून डोळ्यांपुढे आख्खी वस्तू उभी करता येणारा माणूस आजही हवा असतो. ती विद्या फ्रेंच गणितज्ञ गास्पार मोंजची. अठराव्या शतकात फ्रान्समधल्या मेझिएरच्या लष्करी विद्यालयात किल्ल्यांच्या तटबंदीचे हिशेब सोपे करताना त्याला ही पद्धत सुचली. ती इतकी मोलाची ठरली की बराच काळ लष्करी गुपित म्हणून दडवून ठेवली गेली. पुढे १७९४ मध्ये पॅरिसला एकोल पॉलिटेक्निक ही अभियांत्रिकीची संस्था उभी राहिली, तेव्हा तिच्या संस्थापकांत मोंज होता आणि त्याची ही पद्धत, म्हणजे वर्णनात्मक भूमिती, तिथल्या शिक्षणाचा कणा बनली. शाई गेली, बोर्ड गेला, पडद्यावर त्रिमितीय प्रतिमा फिरवता येऊ लागली, तरी दोनशेहून अधिक वर्षांपूर्वीची ती विद्या आजच्या पोराच्या कामी येते. अभ्यासक्रमात कशाला किती तास द्यायचे, हे ठरवताना मला हा इतिहास समोर हवा असतो.

इथे लगेच कुणी म्हणेल, म्हणजे पुन्हा फळ्यावरची सूत्रंच का? तसं मी म्हणत नाहीये. मूलभूत ज्ञान म्हणजे फळा आणि उपयोगाचं ज्ञान म्हणजे यंत्र, ही वाटणीच मला मान्य नाही. मूलभूत गोष्टी हाताने, यंत्रावर, चुका करत शिकता येतात. किंबहुना तांत्रिक महाविद्यालयाने त्या तशाच शिकवाव्यात. नाहीतर त्याचं वेगळेपण काय राहिलं?

आमच्या प्रयोगशाळेत एक तीन-फेज मोटर होती, म्हणजे विजेच्या तीन वायरींवर चालणारी. तिच्या पॅनेलमागे एका फेजच्या वायरीत मी एक छोटा स्विच बसवून घेतला होता, मुलांना न दिसेल असा. मोटर हलक्या भारावर फिरत असताना मी तो हळूच बंद करायचो. मोटर फिरतच राहायची. आवाज किंचित घोगरा व्हायचा, इतकंच. मग भार वाढवला की थोड्या वेळाने ओव्हरलोड रिले, म्हणजे प्रवाह फार वाढला की मोटर बंद करणारं उपकरण, ट्रिप व्हायचा. मी स्विच पुन्हा चालू करून ठेवायचो आणि विचारायचो, "काय झालं?" पहिलं उत्तर नेहमी एकच यायचं, "सर, रिले खराब आहे, बदलू या." बदला म्हणायचो. दुसऱ्या खेपेला मोटर फिरू लागली की तोच दोष पुन्हा. यावेळी कुणीतरी ट्रिप होण्याआधीच व्होल्टमीटर लावायचं. मोटरच्या तिन्ही टर्मिनलांवर जवळपास पूर्ण दाब (व्होल्टेज) दिसायचा. "सप्लाय बरोबर आहे, सर."

एका वर्षी एका मुलीने प्रवाह मोजणारं क्लॅम्प मीटर घेतलं आणि एकेका वायरीभोवती धरलं. दोन वायरींत नेहमीपेक्षा बराच जास्त प्रवाह, तिसरीत शून्य. तिने मीटर दोनदा तपासलं, बॅटरी पाहिली, वायर पुन्हा धरली. शून्यच. मग तिने विचारलं, "दाब आहे आणि प्रवाह नाही, असं कसं?" त्या एका प्रश्नावर आमचा पाऊण तास गेला. फिरणारी मोटर तुटलेल्या फेजच्या टर्मिनलवर स्वतःच दाब निर्माण करते, म्हणून व्होल्टमीटर फसतं. बंद मोटर त्याच अवस्थेत चालू करायला गेलं तर ती फिरत नाही, नुसती गुणगुणते, कारण दोन फेजांतून फिरतं चुंबकीय क्षेत्र तयारच होत नाही. हे सगळं आधी वर्गात सांगून झालेलं होतं. मुलांनी लिहूनही घेतलं होतं. पण ते समजलं त्या दुपारी.

आता त्या मोटरला तिचा वेग सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह जोडता येतो आणि त्याच्या पडद्यावर दोषाचा क्रमांक उमटतो. क्रमांकाचा अर्थ पुस्तिकेत सापडतो. मग हे कशाला शिकवायचं? ड्राइव्हचं मॉडेल बदलतं, क्रमांक बदलतात, कंपनी बदलते, आणि कधीकधी क्रमांक चुकीच्या जागी बोट दाखवतो. मीटर खरं सांगतंय की फसवतंय, हे ओळखणाऱ्या माणसाला कोणताही ड्राइव्ह आठवडाभरात शिकता येतो. उलट दिशेने मात्र ते होत नाही. एका मॉडेलचे क्रमांक घोकलेल्या मुलाला तो प्रश्न सुचत नाही.

यंत्रकामाच्या विभागातही हेच. १९५२ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने अंकांनी चालणारं मिलिंग यंत्र दाखवलं, तेव्हापासून हातचाक फिरवणाऱ्याचं काम कधीतरी बदलणार हे उघड होतं. म्हणून आज सीएनसी, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रॅमवर चालणारं यंत्रकाम, शिकवायलाच हवं, त्यात वाद नाही. पण ज्याने कधी कानशीने एक पृष्ठभाग सपाट केला नाही, टूल बोथट झाल्यावर चिप्सचा रंग आणि आवाज कसा बदलतो हे अनुभवलं नाही, त्याला प्रोग्रॅममधला फीडचा (टूल पुढे सरकण्याच्या वेगाचा) आकडा हा नुसता आकडाच राहतो. तो बदलायची वेळ आली की त्याचा हात अडतो.

जर्मनीकडे या बाबतीत नेहमी बोट दाखवलं जातं. १९६९च्या व्यवसाय-प्रशिक्षण कायद्यावर तिथली दुहेरी पद्धत उभी आहे. विद्यार्थी आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत काम शिकतो, उरलेले दिवस व्यावसायिक शाळेत, आणि कंपनी त्याला भत्ता देते. या पद्धतीचं कौतुक करताना आपण एक गोष्ट विसरतो. तिथे काळ बदलला तेव्हा कोर्स अधिक अरुंद केले गेले नाहीत, अधिक रुंद केले गेले. १९८७ मध्ये उद्योगातल्या धातुकामाचे अनेक सुटे जुने व्यवसाय एकत्र करून सहा व्यापक व्यवसाय केले. १९९८ मध्ये यांत्रिकी, विद्युत आणि नियंत्रण यांना जोडणारा मेकाट्रॉनिक्सचा व्यवसाय आला. मालक, कामगार संघटना आणि सरकार एका टेबलाशी बसून हे ठरवतात. मालकाला आजच्या यंत्रावर बसणारा माणूस हवा असतो, संघटनेला तो माणूस उद्या बेकार होऊ नये असं वाटतं. दोघांच्या ओढाताणीतून जो अभ्यासक्रम निघतो, तो मला अधिक भरवशाचा वाटतो.

तरीही प्रश्न तिथे सुटलेला नाही. अर्थशास्त्रज्ञ एरिक हनुशेक आणि सहकाऱ्यांनी ११ देशांतल्या माहितीवर केलेला अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. व्यावसायिक शिक्षण घेतलेल्यांना सुरुवातीला काम लवकर मिळतं, पण वय वाढत जातं तसा हा फायदा ओसरतो आणि उतारवयाकडे सामान्य शिक्षण घेतलेले रोजगारात पुढे दिसतात. जर्मनी, डेन्मार्क, स्वित्झर्लंड यांसारख्या उमेदवारीची परंपरा असलेल्या देशांत हा कल अधिक ठळक आहे. काही जण यावरून व्यावसायिक शिक्षणच नको असा निष्कर्ष काढतात. मला तो पटत नाही. पंचविशीतला पगार ही काही छोटी गोष्ट नाही, आणि दोषनिदान करणाऱ्या हातांशिवाय कुठलाही कारखाना, इस्पितळ किंवा पाणीपुरवठा चालत नाही. पण पन्नाशीतल्या माणसाचा विचार अभ्यासक्रमातच व्हायला हवा, हे त्या अभ्यासातून मी नक्की घेतो. डेव्हिड डेमिंग आणि कदीम नोरे या अर्थशास्त्रज्ञांचा २०२०चा अभ्यास तर अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्राच्या पदवीधरांबद्दल असंच काही सांगतो. या तंत्रप्रधान विषयांचा जादा कमाईचा लाभ सुरुवातीला सर्वाधिक असतो आणि मग झपाट्याने घटतो, कारण त्यांच्या कामातली कौशल्यं भराभर बदलतात. म्हणजे हा प्रश्न फक्त पदविकेच्या मुलांचा नाही.

मग विशिष्ट यंत्र, विशिष्ट सॉफ्टवेअर कुणी शिकवायचं? ज्याचं आहे त्याने. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६०च्या दशकात प्रशिक्षणाचे दोन प्रकार वेगळे केले. एक, जे कुठेही उपयोगी पडतं. दुसरं, जे एकाच कंपनीत उपयोगी पडतं. पहिल्याचा खर्च कंपनी आनंदाने करत नाही, कारण शिकलेला माणूस ते घेऊन दुसरीकडे जाऊ शकतो. दुसऱ्याचा फायदा कंपनीलाच होतो, म्हणून त्याचा खर्च तिने उचलणं रास्त आहे. आज उद्योग महाविद्यालयांना सांगतो की पहिल्या दिवसापासून आमच्या यंत्रावर काम करणारी मुलं द्या. याचा सरळ अर्थ असा, की कंपनीने करायचा खर्च विद्यार्थ्याच्या फीमधून आणि त्याच्या आयुष्यातल्या मोजक्या वर्षांतून व्हावा. महाविद्यालयांनी इथे नम्रपणे पण ठाम नकार दिला पाहिजे. उद्योगाशी करार जरूर करावेत, पण त्यात ‘आमच्या मुलांना तुमच्या कारखान्यात शिकवा’ हे कलम असावं. ‘तुमचा कारखाना आमच्या वर्गात आणू’ हे नसावं.

एक अपवाद मी मनापासून मानतो. दहा वर्षं वेल्डिंग केलेला माणूस टिग वेल्डिंगचा (टंगस्टनच्या इलेक्ट्रोडने करायच्या वेल्डिंगचा) तीन महिन्यांचा कोर्स करायला येतो, तेव्हा तो कोर्स त्याच्यासाठी सोनं असतं. त्याच्याकडे पाया आहे, त्याला एक मजला चढवायचाय. तोच तीन महिन्यांचा कोर्स शाळेतून नुकत्याच आलेल्या मुलाला ‘करिअर’ म्हणून विकू नये. छोटे कोर्स बंद करा असं मी म्हणत नाही, ते कुणासाठी आहेत हे स्पष्ट लिहा, एवढंच म्हणतो.

सगळ्यात मोठा आक्षेप गरिबीचा आहे, आणि तो मी टाळणार नाही. घरात खाणारी पाच तोंडं आणि कमावणारा एक, अशा मुलाला पाया वगैरे सांगणं हे पोट भरलेल्याचं तत्त्वज्ञान नाही का? मी स्वतःलाही हे पुष्कळदा विचारलंय. पण सधन घरातल्या मुलाचा कोर्स शिळा झाला तर तो दुसरा कोर्स करतो, वर्षभर घरी बसतो, वाट पाहतो. गरीब घरातल्या मुलाला शिकायची संधी बहुधा एकदाच मिळते. त्या एका संधीत त्याला काय मिळतं यावर त्याची चाळिशी अवलंबून असते. म्हणून त्याच्यासाठीचा कोर्स लवकर कमाई देणारा हवा आणि लांब टिकणाराही हवा. दोन्ही एकत्र जमवणं कठीण आहे, अशक्य नाही. स्वित्झर्लंडने १९९०च्या दशकात उमेदवारीसोबतच उच्च शिक्षणाची वाट उघडणारी व्यावसायिक परीक्षा सुरू केली, म्हणजे सोळाव्या वर्षी लेथवर उभा राहिलेला मुलगा पंचविसाव्या वर्षी अभियांत्रिकीकडे वळू शकतो. पहिल्या नोकरीनंतर दार बंद होत नाही. असं दार उघडं ठेवायला अभ्यासक्रमात गणित आणि भाषा टिकवाव्या लागतात, आणि ‘उद्योगाला नको’ म्हणून सगळ्यात आधी कात्री लागते ती याच दोन विषयांना.

भाषेबद्दल थोडं. दोषाचा अहवाल चार ओळींत नीट लिहिता न येणारा तंत्रज्ञ किती वर्षं हुशार असूनही मागे राहतो, हे मी पाहिलंय. यंत्र काय करत होतं, मी काय मोजलं, काय बदललं, आता काय स्थिती आहे. एवढंच. पण हे न जमल्यामुळे त्याचं श्रेय दुसरा घेऊन जातो आणि पर्यवेक्षकाची जागाही.

या सगळ्याला पैसा लागतो, आणि तो इमारतीपेक्षा जास्त कच्च्या मालाला लागतो. १८६८ मध्ये मॉस्कोच्या इम्पीरियल टेक्निकल स्कूलमध्ये व्हिक्टर डेला-व्होस यांनी शिकण्याची कार्यशाळा आणि उत्पादनाची कार्यशाळा वेगळी केली, कारण माल वेळेत काढायच्या घाईत मुलांना शिकायला उसंत मिळत नव्हती. सोप्यापासून अवघडाकडे जाणारे सराव त्यांनी आखले, प्रत्येक मुलाला स्वतःची जागा आणि स्वतःची हत्यारं दिली. १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात ही पद्धत मांडली गेली आणि अमेरिकेतल्या तांत्रिक शिक्षणावर तिचा मोठा परिणाम झाला. प्रत्येक मुलाला स्वतःची जागा, स्वतःची हत्यारं. आज कितीतरी ठिकाणी एका यंत्राभोवती वीस मुलं उभी असतात. दोघं काम करतात, चौघं बघतात, बाकीची मित्राच्या जर्नलमधून आकडे उतरवून घेतात. कागदावर सगळ्यांचं प्रात्यक्षिक झालेलं असतं. नव्या नावाचा नवा कोर्स काढण्याआधी त्या उरलेल्या चौदा जणांच्या हातात काहीतरी देणं, हे मला अधिक निकडीचं वाटतं. शिक्षकांचंही तसंच. दहा वर्षांत एकदाही कारखान्यात पाऊल न टाकलेल्या शिक्षकाला नव्या अभ्यासक्रमाची फाइल देऊन काय होणार? दर काही वर्षांनी त्याला चार-सहा महिने पगारासह कामाच्या ठिकाणी पाठवा. मुलांना त्याचा उपयोग कुठल्याही नव्या पाटीपेक्षा जास्त होईल.

महाविद्यालयं प्लेसमेंटचे आकडे छापतात. छापावेत. पण शंभर टक्के म्हणजे कुणाचे शंभर टक्के? प्रवेश घेतलेल्यांचे, उत्तीर्ण झालेल्यांचे, की नोकरीसाठी नाव नोंदवलेल्यांचे? आणि वर्षभराने त्यातले किती जण तिथे आहेत, पाच वर्षांनी किती जण पुढच्या कामावर गेलेत? हे आकडे गोळा करायला फार खर्च नाही. जुन्या विद्यार्थ्यांना वर्षातून एकदा फोन करावा लागतो. हे आकडे छापणं बंधनकारक केलं तर माहितीपुस्तिकांचा चेहरा बदलेल, अशी माझी खात्री आहे.

तोवर, टेबलापलीकडे बसलेल्या पालकांना मी एक करायला सांगतो. प्रवेश घेण्याआधी, सुट्टी नसलेल्या एखाद्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास कार्यशाळेत जा. यंत्रं किती नवी आहेत हे बघत बसू नका. किती यंत्रं चालू आहेत आणि एकेका यंत्रावर किती मुलं आहेत ते मोजा. मग भंगाराचा डबा कुठे आहे ते विचारा आणि त्यात डोकावून पाहा. वाकडे कापलेले तुकडे, चुकीच्या मापाला छिद्र पडलेल्या पट्ट्या, जळालेली वायर, फसलेली वेल्डिंग दिसली, आणि कुणी शिक्षक त्यातलाच एखादा तुकडा उचलून चार मुलांना काही समजावत असेल, तर मुलीचं नाव तिथे घाला. डबा रिकामा आणि पुसलेला असेल, तर पुढच्या महाविद्यालयाचा पत्ता घ्या.